ब्रेक संकेताची कुळकथा

सिस्कोच्या ज्या राउटरचा पासवर्ड कोणासच ठाऊक उरलेला नाही, त्याचा ताबा पुन्हा मिळविण्याचा शिरस्ता असा, की फिकट निळी कन्सोल केबल जोडावी, टर्मिनलवर ९६०० बॉडचा वेग ठरवावा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे आणि पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक धाडून त्याचा नित्याचा आरंभ अडवावा. हा ब्रेक म्हणजे एखादे अक्षर नव्हे; एका अक्षरास लागणाऱ्या काळाहून अधिक वेळ तार ‘स्पेस’ अवस्थेत धरून ठेवणे, एवढेच त्याचे स्वरूप, आणि ते त्यास संगणकाच्या जन्मापूर्वीच प्राप्त झाले होते.

१८४४ साली वॉशिंग्टन व बाल्टिमोर ही शहरे तारायंत्राने जोडली गेल्यानंतर अमेरिकेत जी पद्धत रूढ झाली, तीत संदेश नसतानाही तारेतून विद्युत्प्रवाह अखंड वाहत असे. त्यामुळे घेणाऱ्या तारमास्तराचा एखादा शब्द निसटला, तर आपली कळ उघडून प्रवाह तोडण्याची मुभा त्यास होती, आणि प्रवाह तुटताच पाठविणारा थांबून त्याची विचारणा ऐकून घेई. टेलिप्रिंटरांनी प्रवाहरहित अवस्थेस ‘स्पेस’ म्हणत हा दंडक पुढे चालविला. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ वर त्याकरिता स्वतंत्र कळच होती. १९६० साली आलेल्या आरएस-२३२ मानकाने प्रवाहाच्या जागी विद्युद्दाब आणला, ऋण दाबास विश्रांती आणि धन दाबास ‘स्पेस’ मानले. संकेत मात्र अबाधित राहिला.

आज टर्मिनलचा प्रोग्रॅम किंवा यूएसबी अ‍ॅडॅप्टर हा ब्रेक पुढे पोहोचवीत नाही, अशी तक्रार वारंवार उद्भवते. तेव्हा जाणकार तंत्रज्ञ टर्मिनलचा वेग १२०० बॉडवर उतरवितो, राउटर बंद करून चालू करतो आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबून धरतो. रिक्त जागेच्या त्या अक्षरात स्टार्ट-बिट व त्यापाठोपाठची पाच शून्ये मिळून सहा बिटांचा काळ तार ‘स्पेस’ अवस्थेत राहते. १२०० च्या वेगाने हा काळ पाच मिलिसेकंदांचा, म्हणजे ९६०० ने ऐकणाऱ्या राउटरच्या हिशेबी ४८ बिटांचा होतो. त्याचे अक्षर अवघ्या दहा बिटांत संपत असल्याने तो यास ब्रेक समजून थबकतो. मग वेग पूर्ववत ९६०० केला, की पडद्यावर ‘रॉममॉन’ची, म्हणजे आरंभ अडविल्यावर राउटर ज्यात थांबतो त्या प्रोग्रॅमची, सूचना उमटते.

कोणती कळ दाबावी हे प्रोग्रॅमगणिक बदलते. परंतु तार कोणत्या अवस्थेत किती काळ राहिली पाहिजे, हे ज्यास या वंशावळीतून उमगले, त्याचे काम कळ निकामी ठरल्याने अडत नाही.