इंटरव्हल म्हणजे मध्यंतर!

नाटकातला इंटरव्हल आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पडदा पडतो आणि आपण बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभे राहतो. मग सायकलवरच्या 'इंटरव्हल ट्रेनिंग'मधला इंटरव्हल कुठला? जिममध्ये स्थिर सायकलवर घाम गाळणाऱ्या कुणालाही विचारा. "जीव खाऊन पेडल मारायचं ना, ती ३० सेकंदं!" असंच उत्तर येईल. पण मंडळी, इथेही इंटरव्हल म्हणजे मध्यंतरच. हे नाव विश्रांतीवरून पडलंय.

गोष्ट सुरू होते जर्मनीत, १९३० च्या दशकात, आणि तीही धावपट्टीवर. वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि फ्रायबुर्गचा हर्बर्ट राइंडेल हा हृदयतज्ज्ञ. त्यांची पद्धत सरळ होती. छोटं अंतर जोरात पळायचं, नाडी १८० च्या आसपास न्यायची आणि मग थांबायचं. ९० सेकंदांच्या आत ती १२० वर उतरली तर पुढची फेरी. नाही उतरली, तर आधीची फेरी झेपली नाही असं समजायचं. हृदय बळकट होतं ते या थांबण्याच्या काळात, असं राइंडेलचं म्हणणं होतं. त्यातलं सगळं आज तसंच्या तसं मानलं जात नाही, पण नाव मात्र टिकलं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. आधीचा विक्रम त्यानं तब्बल १.८ सेकंदांनी मोडला आणि त्याचा विक्रम १९५५ पर्यंत टिकला!

मग हे सायकलवर कसं आलं? प्रयोगशाळेमुळे. पळणाऱ्या माणसाला नळ्या जोडून मोजमाप करणं अवघड. स्थिर सायकल जागची हलत नाही आणि किती जोर लावला तेही मोजता येतं. १९६० मध्ये स्वीडनमध्ये इर्मा आणि पेर-ओलोफ ओस्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक झकास प्रयोग केला. जो भार एक माणूस सलग जेमतेम ९ मिनिटं ओढू शकत होता, तोच त्याला तासभर तुकड्यातुकड्यांत ओढायला लावला. ३ मिनिटं काम, ३ मिनिटं आराम असं केलं तर तो पार गळून गेला. ३० सेकंद काम, ३० सेकंद आराम केलं तर आरामात तास काढला. एकूण काम तेवढंच, एकूण आराम तेवढाच. बदललं फक्त आराम कधी मिळतो ते. आपल्या प्रोग्रामर मंडळींना यात शेड्युलिंग दिसेलच!

पुढचं नाव तुम्ही ऐकलं असेल, इझुमी ताबाता. पद्धत मात्र मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक कोइची इरिसावा यांची. ताबातानं ती तपासून १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. २० सेकंद जोर, १० सेकंद आराम, अशा ७-८ फेऱ्या, सायकलवरच. '४ मिनिटांत फिट' अशा जाहिराती यातूनच निघाल्या. पण त्या प्रयोगातले लोक आठवड्यात ५ दिवसच व्यायाम करत होते, आणि त्यातला एक दिवस मुख्यतः अर्ध्या तासाच्या एकसुरी सायकलिंगचा होता. हे जाहिरातीत येत नाही.

२००५ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला आणि सहकाऱ्यांनी ८ जणांकडून २ आठवड्यांत फक्त ६ सत्रं करून घेतली. एका सत्रात ३० सेकंदांचे ४ ते ७ जीवतोड स्प्रिंट. ठरावीक भारावर दमेपर्यंत सायकल चालवण्याचा त्यांचा वेळ सरासरी २६ मिनिटांवरून ५१ वर गेला! पण दोन स्प्रिंटमध्ये ४ मिनिटं आराम होता, आणि दोन सत्रांत १-२ दिवस सुट्टी.

आपण यातले ३० सेकंद तेवढे उचलले. वेळ नाही म्हणून आराम कापला, आणि सोमवार ते शनिवार रोज तेच करायला लागलो. मग तिसऱ्या आठवड्यात पाय जड होतात, झोप बिघडते, आणि आपल्याला वाटतं की आपणच कमी पडतोय.

असो. उद्या रविवार आहे. सायकलला टॉवेल वाळत घाला आणि खुशाल झोपा.