मोडेमशी बोलायची भाषा : 'एटी' कमांड

डायल-अप मोडेमला नंबर फिरवायला, फोन उचलायला किंवा ठेवायला सांगायचं, तर कॉम्प्युटरवरून साध्या अक्षरांची एक ओळ पाठवावी लागे. या ओळींना 'एटी कमांड' म्हणतात. अमेरिकेतील अटलांटाच्या डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीने १९८१ मध्ये 'स्मार्टमोडेम' बाजारात आणला, तेव्हापासून त्या चालत आल्या. त्याचा वेग होता सेकंदाला ३०० बिट. त्याआधी बहुतेक ठिकाणी नंबर हाताने फिरवून रिसीव्हर रबरी वाट्यांत ठेवायचा, असा प्रकार होता.

'एटी' म्हणजे 'अटेन्शन', थोडक्यात 'इकडे लक्ष दे'. ही दोन अक्षरे रोमन लिपीत, दोन्ही मोठी किंवा दोन्ही लहान लिहायची. एक मोठे, एक लहान चालत नसे. याच अक्षरांवरून मोडेम समोरच्या कॉम्प्युटरचा वेगही ओळखत असे. पुढे काम सांगायचे आणि एंटर दाबायचे. 'एटीडीटी' आणि नंबर दिला की टोनने डायल होई. जुन्या एक्स्चेंजसाठी 'एटीडीपी', मग तबकडीच्या फोनसारखे खटखट पल्स जात. ऑफिसच्या इंटरकॉमवरून बाहेरची लाईन घ्यायची असेल, तर '०' नंतर स्वल्पविराम टाकत. एक स्वल्पविराम म्हणजे सहसा २ सेकंद थांबा. 'एटीए' म्हणजे फोन उचल, 'एटीएच' म्हणजे ठेव, 'एटीझेड' म्हणजे पुन्हा मूळ सेटिंगवर ये. 'एटीएम०' दिले की स्पीकर गप्प. रात्री घरातले झोपलेले असताना ही कमांड फार उपयोगी! 'एटीएस०=१' दिले, तर पहिल्या रिंगला मोडेम आपणहून फोन उचले.

मोडेमचे उत्तरही शब्दांतच येई : 'ओके', 'कनेक्ट', 'बिझी', 'नो कॅरिअर'. 'नो डायलटोन' मात्र अनेकदा फसवे असे. लाईन चालू असते, पण स्थानिक एक्स्चेंजचा टोन परदेशी बनावटीच्या मोडेमला ओळखता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे डायल करण्याआधी 'एटीएक्स३'. मग मोडेम टोनची वाट न बघता सरळ नंबर लावतो.

खरी मेख पुढेच आहे. कमांड आणि डेटा एकाच वायरीतून जातात. लाईन जोडली गेल्यावर 'एटीएच' लिहिले, तर मोडेम ती अक्षरे मुकाट्याने पलीकडे पाठवून देईल, फोन ठेवणार नाही आणि बिलाचे मीटर पडतच राहील. म्हणून आधी +++ ही तीन चिन्हे पाठवून मोडेमला कमांड ऐकायला लावायचे. पण एखाद्या फाईलमध्येच +++ आले तर? हेदरिंग्टन यांनी तोड काढली ती अशी : या चिन्हांच्या आधी आणि नंतर सुमारे १ सेकंद शांतता असेल, तरच ती खूण मानायची. या युक्तीचे पेटंट हेजकडे होते. ते टाळण्यासाठी काही कंपन्यांनी शांततेची अट नसलेले मोडेम काढले. परिणाम असा की कुणी खोडसाळपणे +++ आणि 'एटीएच०' असलेला पिंग पाठवला, की त्याला उत्तर देताना तुमचाच मोडेम ती अक्षरे बाहेर पाठवी आणि स्वतःच फोन ठेवून देई.

१९९९ मध्ये हेज कंपनी बंद पडली, भाषा मात्र टिकली. मोबाईल नेटवर्कच्या मानकांत तीच घेतली गेली. शेतातला पंप मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या अनेक स्टार्टरमध्ये 'सिम८००' सारखे मोड्यूल असते, तेही 'एटी' लाच ओ देते. पंप हाकेला येत नसेल, तर दुरुस्त करणाऱ्याने आधी 'एटी+सीएसक्यू' विचारावे. उत्तरातला पहिला आकडा ० ते ३१ मध्ये येतो. जितका मोठा तितका सिग्नल चांगला. ९९ आला, तर सिग्नल मोजताच येत नाही. 'सिम८००' फक्त टू-जीवर चालते, त्यामुळे त्यात जिओचे सिम घालून काही होणार नाही.

मग 'एटी+सीआरईजी?' विचारावे. उत्तरातला दुसरा आकडा १ असेल तर सिम आपल्या नेटवर्कवर आहे, २ म्हणजे शोध चालू आहे, ३ म्हणजे नेटवर्कने नाकारले. ५ म्हणजे रोमिंग. सीमेलगतच्या शिवारात शेजारच्या राज्याचा टॉवर जवळ पडला, तर हा ५ दिसू शकतो. अशा वेळी सिमवर रोमिंग चालू आहे ना, हे आधी बघावे, मोड्यूल बदलायचा खर्च नंतर.