कातडीचा हिशेब

इ. स. १७९१ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरचा किल्ला टिपू सुलतानाकडून जिंकून घेतला. शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालेले हे शहर मराठी माणसाला तेव्हा दीडशे वर्षांपासून परिचित होते. ह्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके ह्यांच्या फौजाही इंग्रजांच्या बाजूने उतरल्या होत्या. बंगळूरहून श्रीरंगपट्टणाकडे निघालेली ती मोहीम तोफांवर जितकी अवलंबून होती, तितकीच बैलांवर होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बैल मेले, दाणागोटा संपला, आणि जड तोफा निकामी करून कॉर्नवॉलिसला मागे फिरावे लागले. अशा युद्धात बैल हाकणारा माणूस हा शिपायाइतकाच शत्रूच्या डोळ्यांवर येतो.

इंग्रजांकडे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी ह्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे नोंदले आहे. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. नाक कापणे ही शिक्षा त्या काळी अनेक राज्यांत रूढ होती. तिने माणूस मरत नसे, परंतु चारचौघांत वावरण्याजोगा राहत नसे. त्या अवस्थेत कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिली. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. आणि मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले.

ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज सर्जनांनी प्रत्यक्ष पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकात तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या कारागिराने प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या जागी नीट बसवला. मग तो काढून सपाट केला, कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ आखली. तेवढीच कातडी त्याने कपाळावरून सोडवली. मात्र दोन भुवयांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ तसाच ठेवला. त्या देठातून रक्त वाहत राहिल्यामुळे कातडी जिवंत राहिली. ती अर्धा वेढा देऊन खाली वळवली, जुन्या व्रणाच्या कडा ताज्या करून त्यांत बसवली, आणि पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्यांनी सांधा पक्का केला. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात बुडवलेल्या कापडाच्या घड्या ठेवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ कापला, आणि नाक पुरे झाले.

सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा जो विधी आहे, त्यात नाकाएवढे पान घेऊन त्या मापाने गालाची कातडी सोडवण्यास सांगितले आहे. पानाच्या जागी मेण आले आणि गालाच्या जागी कपाळ आले, परंतु तत्त्व तेच राहिले. लंडनमधील जोसेफ कार्प्यू ह्या सर्जनाने हा वृत्तांत वाचून १८१४ साली ही शस्त्रक्रिया तेथे केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. प्लॅस्टिक सर्जरी ह्या शास्त्राच्या अर्वाचीन इतिहासाचा एक धागा असा पुण्याजवळच्या एका अनाम कारागिराच्या हाती येऊन पोचतो.

कावसजीला कातडी कमी पडत होती. आजच्या बंगळुरात किंवा पुण्यात सर्जनापुढे येणाऱ्या एका निराळ्या रुग्णाचे दुःख नेमके उलट आहे. त्याने शस्त्रक्रियेने चाळीस, साठ, कधी शंभर किलो वजन उतरवलेले असते, आणि त्याच्या अंगावर नको इतकी कातडी उरलेली असते. पोटाची घडी मांडीवर उतरते, दंडाखाली झोळ्या लोंबतात, आणि ज्या शरीरासाठी एवढे सोसले ते कपड्याखाली लपवावे लागते. हे दुःख कसे निर्माण झाले हे समजण्यासाठी लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

अतिस्थूलता हा रोग म्हणून ओळखण्यास आपल्याकडे उशीर झालेला नाही. चरकसंहितेत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूलाची गणना आहे, आणि त्याचे नितंब, पोट व स्तन चालताना हलतात हे लक्षणही दिले आहे. उपाय मात्र आहारविहाराचे व औषधांचे आहेत, शस्त्राचे नाहीत. रोमन लेखक प्लिनी ह्याने अप्रोनियस नावाच्या कॉन्सलच्या मुलाच्या अंगावरील चरबी कापून काढल्याची गोष्ट नमूद केली आहे. परंतु भूल व निर्जंतुकीकरण नसताना असे धाडस म्हणजे बहुधा मृत्यूला आमंत्रणच होते.

ह्या इतिहासात एक चमत्कारिक उलटापालट आहे. आधी वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया आली आणि मग लोंबती कातडी काढण्याची आली, असे कोणालाही वाटेल. घडले उलटेच. १८९९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली ह्या सर्जनाने एका स्थूल स्त्रीच्या पोटावरील कातडी व चरबीचा पदर कापून काढला. त्याचे वजन सुमारे साडेसात किलो होते. पोटाच्या आत हात घालण्यास त्यानंतर अर्धे शतक जावे लागले. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन ह्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार मांडला. अन्न शोषले जाईना, तेव्हा वजन उतरले हे खरे; पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मूतखडे आणि यकृताचे जीवघेणे विकारही आले. पुढे ही पद्धत सोडून द्यावी लागली.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन ह्यांना दुसरी वाट एका साध्या निरीक्षणातून सापडली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला होता, ते रुग्ण कृश होत आणि कृशच राहत. १९६६ साली मेसन ह्यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो सरळ लहान आतड्याला जोडला. हाच गॅस्ट्रिक बायपास होय. ह्याविषयीचा त्यांचा व त्यांचे सहकारी इटो ह्यांचा लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच १९६७ साली ब्राझीलमधील प्लॅस्टिक सर्जन इव्हो पिटांगी ह्यांनी पोटावरची सैल कातडी काढण्याच्या आपल्या ३०० शस्त्रक्रियांचा आढावा छापला. एकाच वर्षी निघालेले हे दोन लेख एकाच रोग्याच्या दोन अवस्थांविषयी होते. परंतु ते दोन निराळ्या शाखांचे होते. पोटाचा सर्जन वजनाचा काटा पाहत राहिला, आणि कातडीच्या सर्जनाकडे रुग्ण गेला तर काटा स्थिरावल्यानंतर गेला. मधल्या दरीत रोगी उभा राहिला.

पुढे शस्त्रक्रियांचे पर्याय वाढले. १९८० नंतरच्या दशकात जठराभोवती घट्टसैल करता येणारा पट्टा बसवण्याची रीत आली. त्यात आतडे कापावे लागत नसे, पण पट्टा सरकल्याने अगर पुरेसे वजन न उतरल्याने अनेकांना पुन्हा टेबलावर जावे लागले, आणि तिचा वापर घटला. १९९० नंतर दुर्बिणीतून बायपास होऊ लागला. आज सर्वत्र अधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्याची अरुंद नळी करतात. तिच्यात आतड्यांचा मार्ग बदलत नाही, परंतु काहींना घशाशी आंबट येण्याचा त्रास वाढतो. बायपासने मधुमेह व आम्लपित्त ह्यांवर अधिक परिणाम होतो, परंतु लोह, बी-१२ व इतर जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावी लागतात. निवड ह्या गोष्टी तोलून करावयाची असते.

ह्या तोलात कातडीचे पारडे बहुधा रिकामेच राहते. वर्षानुवर्षे ताणलेल्या कातडीतील लवचीक तंतू तुटलेले असतात. आतला मेद गेला तरी ती पूर्ववत आखडत नाही. जितके वजन अधिक उतरते, जितके वय अधिक असते, लठ्ठपणा जितका जुना असतो, तितकी ती अधिक लोंबते. धूम्रपानाने भर पडते. व्यायामाने स्नायू बळावतात, कातडी आटत नाही. कोणतीही शस्त्रक्रिया निवडली तरी हा परिणाम टळत नाही; २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झालेल्या वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी पुष्कळ वजन गेले, तरी तोच प्रश्न उभा राहतो. घड्यांत घाम साचतो, कातडी लाल होऊन सोलते, बुरशी धरते; दमट हवेत चालणेही अवघड होते. तेव्हा हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न आहे असे म्हणणे वैद्यकदृष्ट्याही खरे नाही.

नियमांच्या भाषेत मात्र तो बहुधा सौंदर्याचाच ठरतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातून वगळावयाच्या बाबींची प्रमाण शब्दरचना ठरवून दिली. त्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया काही अटींवर मान्य आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, ४० किंवा त्याहून अधिक असावा. अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह ह्यांसारखी गंभीर व्याधी असावी. प्लॅस्टिक सर्जरीस मात्र अपघात, भाजणे, कर्करोग, किंवा प्रकृतीला थेट व तात्काळ धोका एवढ्याच कारणांनी वाट ठेवली आहे. घडीतली जखम हा तात्काळ धोका आहे हे डॉक्टरने लिहून द्यावे लागते. म्हणजे प्रवासाच्या पहिल्या टप्प्याचे तिकीट मिळते, दुसऱ्याचे बहुधा पदरमोड करून काढावे लागते. आणि हे अनेकांना मध्यावर पोचल्यावर कळते.

घाईचा धोकाही कमी नाही. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरातील एका खाजगी रुग्णालयात चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकवीस वर्षांची एक दूरदर्शन-अभिनेत्री मरण पावली, आणि वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. चरबी शोषून काढणे म्हणजे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया नव्हे आणि लोंबत्या कातडीवरचा इलाजही नव्हे. परंतु लोकांच्या मनात तिन्ही एकच झालेल्या आहेत. कातडी काढण्याची शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिर राहिल्यानंतर, म्हणजे बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षाने करावयाची असते. तोवर रक्तातील लोह व प्रथिने सुधारावी लागतात, कारण त्यांच्यावाचून जखम भरत नाही. आणि तिच्या बदल्यात कमरेभोवती लांब व्रण जन्मभर राहतात, हेही आधी सांगितले गेले पाहिजे. व्रण पत्करून मोकळे चालता येणे हा कित्येकांना लाभाचा व्यवहार वाटेल, काहींना वाटणार नाही. पण तो निर्णय रोग्याचा आहे, आणि माहितीवाचून निर्णय होत नाही.

कावसजीच्या कपाळावरही व्रण राहिला होता. काही काळाने तो फारसा उठून दिसत नसे, असे त्या जुन्या वृत्तांतात म्हटले आहे. त्याला मिळाले ते केवळ नाक नव्हते. माणसांत परत जाण्याची वाट होती. लठ्ठपणाच्या यातना भोगून हलका झालेला माणूसही तीच वाट मागत असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने हातात शस्त्र घेण्याआधी मेणाचा पत्रा घेतला होता. किती कातडी लागेल, कोठून येईल आणि मागे काय उरेल, ह्याचे माप त्याने आधी काढले होते. आजच्या शस्त्रक्रियेजवळ साधने अपार आहेत. तो मेणाचा पत्रा मात्र पहिल्याच भेटीत, जठराचे चित्र काढून दाखवताना, टेबलावर असावयास हवा.