विनोदी व्हिडिओंतील ओळखीचे प्रसंग आणि विस्तारणारा प्रेक्षकवर्ग

घराघरांत घडणारा एखादा साधा प्रसंग उचलून काही मिनिटांत हास्यनिर्मिती करणारे व्हिडिओ आता समाजमाध्यमांवर स्थिरावले आहेत. प्रसंग परिचित असल्याने पात्रांची ओळख करून देण्यात वेळ जात नाही. पहिल्या काही सेकंदांतच प्रेक्षकाला ‘हे तर आमच्याच घरातले’ असे वाटते. मग तो व्हिडिओ तो बहिणीला, मित्राला किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पाठवतो. प्रेक्षकवर्ग वाढतो तो प्रामुख्याने या मार्गाने.

मराठीत हे तंत्र नवे नाही. बडोद्यात पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणरावांच्या कथांत मध्यमवर्गीय संसारातील फजितीच रंगवली. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर यांनी ती व्यक्तिरेखा साकारली. बदलले ते माध्यम आणि प्रसाराचा वेग.

२०१५ साली दिल्लीच्या भुवन बाम याने ‘बीबी की वाइन्स’ ही यूट्यूब वाहिनी सुरू केली. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मुलगा, आई, वडील, टिटू मामा या साऱ्या भूमिका तो एकटाच करीत असे. ठाण्यात वाढलेल्या प्राजक्ता कोळी हिनेही त्याच वर्षी ‘मोस्टलीसेन’द्वारे हीच वाट धरली. मराठीत २०१६ साली सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार व पॉला मॅकग्लिन यांनी ‘भाडिपा’ची स्थापना केली. त्यांच्या ‘आई आणि मी’ या मालिकेचा विषय आई आणि तरुण मुलगा यांच्यातील रोजची धुसफूस आणि माया एवढाच आहे.

या यशामागील मर्म वरवर पाहता उलटे वाटते. सर्वांना रुचावे म्हणून प्रसंग गुळगुळीत केला, तर तो कोणाचाच राहत नाही. याउलट, विशिष्ट घरातील बारीक तपशील अचूक टिपला, तर दूरचा प्रेक्षकही त्यात आपले घर शोधतो. आईने जपून ठेवलेल्या रिकाम्या डब्यांना प्रांताची सीमा नसते.

मात्र या तंत्राला मर्यादाही आहे. निरीक्षण आटले की साचा उरतो : कजाग सासू, कंजूष काका, गावंढळ बोलीचा नोकर. अशा वेळी हसू प्रसंगाचे न राहता माणसाचे आणि त्याच्या बोलीचे होते. कोकणीच्या सहवासातील गोव्याची मराठी किंवा एकाच वाक्यात कन्नड शब्द सहज सामावणारी बेळगावची मराठी केवळ उच्चारासाठी वापरली, तर ते बोलणारा प्रेक्षक दुरावतो. तीच बोली पात्राची स्वाभाविक भाषा म्हणून आली, तर तोच प्रेक्षक हक्काने जवळ येतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना उडणारी धांदल गोव्यातील घराघरांत दरवर्षी अनुभवास येते. ती टिपण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती आपल्या माणसांकडे प्रेमाने पाहणारी नजर.