मानसोपचार : नागपूर जिल्हा आणि मौदा परिसर

मनोविकार जडलेल्या व्यक्तींची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन यांसाठी नागपूर परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ज्या संस्था उभ्या राहिल्या, जे कायदे लागू झाले आणि त्यांच्या बरोबरीने जे लोकप्रघात चालत आले, त्यांचा इतिहास या नोंदीत दिला आहे. या इतिहासाच्या केंद्रस्थानी १८६४ मध्ये स्थापन झालेले आणि आज ‘प्रादेशिक मनोरुग्णालय, नागपूर’ या नावाने चालणारे शासकीय रुग्णालय आहे. मात्र केवळ त्याच्या भिंतींआड काय घडले एवढे पाहून तो पुरा होत नाही. कारण कन्हान नदीच्या काठी, नागपूर–भंडारा महामार्गावर वसलेल्या मौद्यासारख्या गावांत रुग्णाचा बहुतेक भार नेहमी कुटुंबानेच वाहिला आहे.

रुग्णालये निघण्यापूर्वी या भागात दोन विचारधारा शेजारी शेजारी नांदत होत्या. आयुर्वेदाने अशा विकारांना ‘उन्माद’ म्हटले असून, चरकसंहितेत वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक असे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आगंतुक म्हणजे देव, भूत इत्यादी बाह्य कारणांनी उद्भवणारा. खेड्यातील समजूत या शेवटच्या प्रकाराच्या जवळची होती. अंगात येणे, बाहेरची बाधा होणे, करणी होणे या शब्दांत आजाराचे निदान होई, आणि मांत्रिक किंवा एखादे देवस्थान ही उपचाराची पहिली पायरी असे. शांत स्वभावाचा रुग्ण गावातच सामावून जाई, त्याला झेपेल ते शेतकामही मिळे. जो हिंसक होई त्याला घरातच खांबाला बांधून ठेवण्यापलीकडे नातेवाइकांच्या हाती फारसे काही नसे.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी बनली. त्याआधी, १८५८ मध्ये, ब्रिटिश सरकारने वेडसर ठरलेल्या व्यक्तींना ताब्यात घेणे व त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था लावणे यांसंबंधी कायदे केले होते, आणि नागपूरचा वेड्यांचा आश्रम त्याच चौकटीत उघडला गेला. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर येथे असे आश्रम होते. बरे करण्यापेक्षा कोंडून ठेवणे हाच त्यांचा मुख्य हेतू होता, आणि आत येणाऱ्यांत पोलिसांनी रस्त्यावर पकडलेल्या बेवारस माणसांचा भरणा मोठा असे. आजाराचे कारण कसे नोंदले जाई, याचे चित्र १८९३–९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाच्या चौकशीतून मिळते. देशभरच्या आश्रमांत गांजाने वेड लागल्याच्या ज्या नोंदी होत्या, त्यांतील पुष्कळशा पोलिसांच्या ऐकीव माहितीवर उभ्या असून विश्वासार्ह नाहीत, असे आयोगाला आढळले. कागदावर एकदा चढलेले कारण पुढे वैद्यकीय सत्य म्हणून कसे मिरवते, याचे हे ठळक उदाहरण होय.

नागपूरच्या आश्रमाचे नाव सर्वदूर पोहोचले ते मात्र एका रुग्णामुळे. कामठी येथे १८६१ मध्ये जन्मलेले आणि काही काळ लष्करात नोकरी केलेले ताजुद्दीन बाबा यांना १८९२ मध्ये वेडसर ठरवून येथे ठेवण्यात आले आणि १९०८ पर्यंत, म्हणजे सुमारे सोळा वर्षे, ते आतच होते. ज्या वागण्याला अधिकाऱ्यांनी विकार मानले, त्यालाच भक्तांनी ईश्वरी तंद्री मानले; त्यामुळे लोक दर्शनासाठी आश्रमाच्या दाराशी गर्दी करू लागले आणि कोंडून ठेवण्याची जागा हेच एक तीर्थस्थान झाले. शेवटी राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची हमी घेऊन त्यांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेले. १९२५ मध्ये बाबांचे निधन झाले. ताजबाग येथील दर्ग्याप्रमाणेच मनोरुग्णालयाच्या आवारातील त्यांच्या वास्तव्याच्या जागेलाही भाविक आजवर मान देतात. विकार कोणता आणि श्रद्धेचा आविष्कार कोणता, ही रेषा समाज व वैद्यक किती वेगळ्या जागी आखतात, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी घटना भारतीय मानसोपचाराच्या इतिहासात विरळाच.

१९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने दाखल करून घेण्याची पद्धत बांधून दिली. नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, अर्जापूर्वीच्या चौदा दिवसांत त्याने रुग्णाला स्वतः पाहिलेले असले पाहिजे, सोबत दोन वेगवेगळी वैद्यकीय प्रमाणपत्रे जोडायची, आणि मग दंडाधिकाऱ्याची खात्री पटली तर दाखल करून घेण्याचा आदेश निघायचा. शहरातील शिकलेल्या माणसालाही ही वाट बिकट वाटे. धानाच्या शेतीवर पोट असलेल्या खेड्यातील कुटुंबासाठी तर ती कोर्टकचेरीच होती. पागलखान्याविषयीची विदर्भातील भीती केवळ अज्ञानातून आली असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल. तिच्यामागे पोलीस, न्यायालय आणि कुलूप यांचा प्रत्यक्ष अनुभव होता. १९२० च्या सुमारास देशभरच्या आश्रमांना ‘मनोरुग्णालय’ हे नाव मिळाले खरे, परंतु १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून दिसले ते असे की, कोट्यवधींच्या देशात मनोरुग्णांसाठी अवघ्या दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या आणि बहुतेक ठिकाणी दर्जाही खालावलेला होता.

उपचारांत खरा पालट औषधांनी घडवला. मेंदूला अल्प विद्युत्प्रवाह देऊन झटका आणण्याची पद्धत, म्हणजेच विद्युत्‌-आक्षेपी चिकित्सा, १९३८ मध्ये रोम येथे सुरू झाली आणि लवकरच भारतात आली. सर्पगंधा या वनस्पतीचा उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर उपयोग होतो, हे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच मांडले होते. त्यानंतर १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमझीन या औषधाचा गुण दिसून आला. भास व भ्रम, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे किंवा कोणी आपल्या जिवावर उठले आहे अशी पक्की समजूत होणे, ही लक्षणे गोळ्यांनी आटोक्यात येऊ लागली आणि वर्षानुवर्षे आत राहणारा रुग्ण घरी जाऊ शकेल अशी शक्यता प्रथमच निर्माण झाली.

राज्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये असून, ९४० मंजूर खाटांच्या नागपूरच्या रुग्णालयावर विदर्भातील अकराही जिल्ह्यांचा भार आहे. मौद्याहून तेथे दिवसाभरात जाऊन येता येते. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडील रुग्णाला मात्र ते शेकडो किलोमीटर दूर पडते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो १९९३ मध्ये अमलात आला, जुनी भाषा बदलली. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले रुग्ण होरपळून मेले, तेव्हा श्रद्धास्थळांभोवतीच्या कोंडवाड्यांकडे देशाचे लक्ष वळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणे आणि भूल न देता विद्युत्‌-झटके देणे यांवर बंदी घातली, उपचार मिळणे हा हक्क ठरवला, आणि केवळ कुटुंब नाकारते म्हणून कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही असे म्हटले.

मौद्याचे या इतिहासातील स्थान वेगळ्या दिशेने येते. ‘परमात्मा एक’ मानवधर्माचे प्रवर्तक महानत्यागी बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६) यांच्या अनुयायांचा आश्रम येथे आहे. एका परमेश्वरावर श्रद्धा ठेवून दारू, जुगार व मांत्रिकांचा नाद सोडावा, ही त्यांची शिकवण असून, घरातील दीर्घ आजारपण, भूतबाधेची भीती किंवा दारूचे व्यसन यांना कंटाळलेली अनेक कुटुंबे तिच्याकडे वळली. तिला मानसोपचार म्हणता येणार नाही. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास झटके येणे व शुद्ध हरपणे संभवते, आणि अशा वेळी डॉक्टरांना पर्याय नसतो. तरीही अनुयायांचा परस्परांना मिळणारा आधार आणि ठरावीक दिनक्रम यांचे मोल कमी लेखता येत नाही. दुसऱ्या बाजूने, १९८२ मध्ये नागपुरातून सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मांत्रिकांच्या अघोरी उपायांना थेट आव्हान दिले, आणि २०१३ च्या राज्य कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरली.

उपचार गावापर्यंत नेण्याचा प्रयत्न १९८२ च्या राष्ट्रीय व १९९६ च्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमापासून चालू आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील खेड्यांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याचे रुग्ण शोधण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे लोक मदत टाळत नव्हते, ती त्यांच्या अंगणापर्यंत पोहोचत नव्हती. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दूरध्वनीवरून मोफत समुपदेशन मिळते. बरे होऊनही ज्यांना न्यायला घरून कोणी येत नाही अशा रुग्णांचे पुनर्वसन हा राज्यातील जुन्या मनोरुग्णालयांपुढचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. २०१७ च्या कायद्याने त्यांच्यासाठी रुग्णालयाबाहेरील निवासांची सोय करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे.