रेड बेरी म्हणजे आपलं बोर?

नाशिकच्या रेड वाइनच्या लेबलवर बऱ्याचदा 'रेड बेरीज' लिहिलेलं असतं. आत बेरी टाकलेली नसते बरं का. द्राक्षाचा रस आंबताना तसा वास तयार होतो. पण वाशिमकडे धुऱ्यावर पिकतात ती लाल रानबोरं. त्यांचं नाव लेबलवर का नाही?

इतिहास बघा. चरकसंहितेत ८४ आसवं सांगितलीत. त्यातली २६ फळांची, आणि त्या २६ मध्ये तीन बोराचीच: कुवल मोठं, बदर मध्यम, कर्कंधू बारीक. त्याहून जुन्या शतपथ ब्राह्मणात सौत्रामणी यज्ञाच्या सुरेतही हीच तीन बोरं येतात.

म्हणजे बाटली नवी असेल, पण पेयातली बोराची चव आपल्याकडे फार जुनी आहे. मग परदेशी बेरी न चाखताच तिचं नाव का घोकायचं? सरळ 'रानबोर' म्हणूया ना!