शिक्षकांनी शिक्षकांसाठी सिद्ध केलेला ग्रंथ
(संत जॉन बाप्टिस्ट द ला साल व त्यांचे सहकारी यांचा वृत्तांत)

महोत्सवाच्या स्मरणिकेत कोनशिला कोणी बसविली, घंटा कोणी अर्पण केली, वेदी कोणत्या साली नवी झाली, याचा वृत्तांत वाचकांस सविस्तर मिळतो, आणि तो मिळावा हे योग्यच होय. परंतु देवळाच्या शाळेत ज्यांनी आपल्या आजा-पणजांचा हात धरून त्यांजकडून अक्षरे गिरवून घेतली, त्या मास्तरांच्या वाट्यास बहुधा एखादी ओळच येते. मास्तर हा शाळेच्या फळ्यासारखाच तेथे असावयाचा, त्याचा इतिहास तो काय लिहावयाचा, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. यास्तव प्रस्तुत लेखात एका शिक्षकमंडळाचाच इतिहास सांगण्याचे योजिले आहे. चांगले शिकवावे कसे, हा प्रश्न या मंडळाने प्रथम स्वतःस विचारला आणि वर्षानुवर्षे एकत्र बसून त्याचे उत्तर शोधिले.

या मंडळाचे संस्थापक संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचा जन्म फ्रान्समधील रीम्स नगरीत 30 एप्रिल 1651 रोजी एका संपन्न व प्रतिष्ठित घराण्यात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीच ते तेथील कॅथीड्रलचे कॅनन झाले. 1678 साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली व 1680 साली ते ईशज्ञानाचे डॉक्टर झाले. मोठी मानमान्यता त्यांची वाटच पाहत होती. अशा वेळी 1679 साली आद्रियँ नियेल नामक एक गृहस्थ गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढण्याच्या हेतूने रीम्स येथे आले आणि द ला साल यांनी त्यांस साह्य केले. हे साह्य तात्पुरते आहे, शाळा सुरू झाली की आपण मोकळे, असेच त्यांस वाटत होते.

त्या काळी गरिबांच्या शाळेतील शिक्षकाची स्थिती काय होती, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील गोष्टीचे मोल कळावयाचे नाही. दुसरा धंदा साधेना म्हणून पुष्कळ जण शाळेत येत. पगार तुटपुंजा, शिक्षण बेताचे, आणि शिकवावे कसे हे त्यांस कोणीच शिकविलेले नसे. पुढे द ला साल यांनीच आपल्या आठवणींत स्पष्ट लिहून ठेविले आहे की, आरंभी आपण या शिक्षकांस आपल्या घरच्या चाकराहूनही खालचे समजत होतो, आणि कधी काळी त्यांच्यासमवेत राहावे लागेल ही कल्पनाच आपणांस असह्य झाली असती. संतचरित्रांत असले वाक्य क्वचितच सापडते. चरित्रकारांनी ते झाकून ठेविले नाही, हे बरे झाले.

नियेल हे नव्या नव्या शाळा काढण्यासाठी गावोगाव हिंडत असत. त्यामुळे रीम्सच्या शिक्षकांकडे पाहणारे कोणी उरले नाही. द ला साल यांनी त्यांस प्रथम आपल्या घरी भोजनास बोलाविले आणि जून 1681 मध्ये राहावयासच आणिले. आप्तेष्टांचा संताप झाला. कॅननच्या पंक्तीस हे फाटके मास्तर! पण द ला साल मागे हटले नाहीत. दुसऱ्या वर्षी घर सोडून ते शिक्षकांसह भाड्याच्या जागेत राहावयास गेले. नेमून दिलेला दिनक्रम पहिल्या शिक्षकांपैकी बहुतेकांस मानवला नाही व ते निघून गेले. त्यांच्या जागी अधिक योग्यतेचे तरुण आले.

या नव्या मंडळींसही एक चिंता जाळीत होती. उद्या शाळा बंद पडल्या तर म्हातारपणी खावयाचे काय? द ला साल यांनी त्यांस प्रभूच्या शुभवर्तमानातील आकाशातील पाखरांचा व रानातील फुलांचा दाखला देऊन ईश्वरी तरतुदीवर भरवसा ठेवण्याचा उपदेश केला. त्यावर शिक्षकांनी जे उत्तर दिले, ते माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, महाराज, आपणांस हे बोलणे सोपे आहे. आपणांजवळ वडिलोपार्जित संपत्ती आहे, कॅननपदाचे उत्पन्न आहे. शाळा बुडाल्या तरी आपण तरून जाल, आम्ही मात्र रस्त्यावर येऊ.

उपदेशकास असे उत्तर मिळाले म्हणजे तो बहुधा रागावतो, नाही तर अधिक मोठा उपदेश करतो. (आम्हां धर्मगुरूंस हे सांगावयास नकोच.) द ला साल यांनी ते उत्तर मनात ठेविले, त्यावर चिंतन केले, जाणत्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला, आणि अखेर शिक्षकांचेच म्हणणे खरे ठरविले. 1683 साली त्यांनी कॅननपदाचा त्याग केला. ते पद आपल्या भावास मिळवून देणे शक्य असताही त्यांनी ते एका गरीब धर्मगुरूच्या हाती जाऊ दिले. लवकरच मोठा दुष्काळ पडला. 1684-85 च्या त्या कठीण काळात त्यांनी आपली सारी संपत्ती भुकेल्यांस भाकर वाटण्यात वेचिली. आता ते आपल्या सहकाऱ्यांइतकेच निर्धन झाले होते. त्यानंतर भरवशाच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या, तर त्या शिक्षकांच्या कानी निराळ्या पडल्या असतील यात नवल नाही.

1688 साली मंडळ पॅरिस नगरीत गेले, आणि दोन-तीन वर्षांतच ते मोडते की काय अशी वेळ आली. अतिश्रमाने कित्येक आजारी पडले, कोणी दगावले, कोणी सोडून गेले, नवे येईनात. जे उरले ते थकून गेलेले. या प्रसंगी द ला साल यांनी शहराबाहेर व्होजिरार येथे एक घर घेतले व सुटीच्या दिवसांत शिक्षकांस तेथे एकत्र आणून त्यांस एकांतात ध्यानधारणा, जिला आपण रिट्रीट म्हणतो, ती करावयास लाविले. दुसरी योजना अधिक साधी होती. प्रत्येक बंधूने दर महिन्यास आपल्या वर्तनाविषयी व अडचणींविषयी त्यांस पत्र लिहावे, व त्यांनी उत्तर द्यावे. त्यांच्या लेखणीतून उतरलेली शंभराहून अधिक पत्रे आजही उपलब्ध आहेत. वर्गात संयम राखा, मुलांवर हात टाकू नका, आपसात गोडीने राहा, अशा अगदी साध्या सूचना त्यांत आढळतात. लांब कोठे तरी दोघे-तिघे मिळून शाळा चालविणाऱ्या शिक्षकास महिन्यातून एकदा कागद पुढे घेऊन आपले काय चुकले हे लिहावे लागे, आणि ते वाचणारा कोणीतरी आहे हे त्यास ठाऊक असे.

या मंडळाने जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या नावाचा अर्थ ‘शाळांची कार्यपद्धती’ असा होतो. त्याचे सर्वांत जुने उपलब्ध हस्तलिखित 1706 सालचे आहे. द ला साल व अनुभवी बंधू यांच्यामध्ये वारंवार चर्चा झाल्या, अनेक वर्षे शाळांत प्रयोग झाले, जे उपयोगी ठरले ते ठेविले, जे निरुपयोगी वाटले ते गाळले, आणि मगच हा ग्रंथ आकारास आला, असे त्याच्या प्रस्तावनेत नमूद आहे. जेसुइट संघानेही आपली शिक्षणसंहिता 1586 साली कच्च्या स्वरूपात निरनिराळ्या प्रांतांस पाठवून, त्यांचे अभिप्राय घेऊन, 1599 साली पक्की केली होती. परंतु ते विद्वानांचे काम होते. येथे बाराखडी शिकविणाऱ्या मास्तरांनी आपली संहिता आपणच रचिली.

ग्रंथ उघडावा तो बारीकसारीक गोष्टींनी भरलेला. मुलांनी न्याहारी शाळेतच कशी करावी, उरलेली भाकर गरीब सोबत्यांस कशी द्यावी, कोणत्या पाठास किती वेळ लावावा, वर्गात बोलण्याऐवजी एका लहानशा लाकडी साधनाने खुणा कशा कराव्यात, हे सारे त्यात येते. प्रत्येक मुलाच्या गुणदोषांची नोंद ठेवून ती पुढील शिक्षकाच्या हाती द्यावी, असेही सांगितले आहे. म्हणजे एकाचा अनुभव दुसऱ्यास व्यर्थ जाऊ नये. मुलांस प्रथम लॅटिन वाचावयास शिकविण्याची जुनी वहिवाट होती. गरिबाचे मूल थोडी वर्षेच शाळेत येते, लॅटिन पुरते येण्यापूर्वीच ते कामास लागते, आणि मग त्यास दोन्ही भाषा वाचता येत नाहीत, हे या शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी मातृभाषा फ्रेंच आधी घेतली. मराठी शाळा की इंग्रजी शाळा, हा वाद आपल्या घराघरांत चालतो. त्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे, पण ही माहिती वादकर्त्यांस असावी.

मुले शाळेस का येत नाहीत, या विषयावरील भाग मला फार मोलाचा वाटतो. मुलांचा चंचलपणा व आईबापांची बेफिकिरी ही कारणे तर दिलीच आहेत. ती कोणीही देईल. पण त्याबरोबरच स्वच्छ लिहिले आहे की, काही मुले शिक्षकावर जीव जडत नाही म्हणून येत नाहीत, आणि तो जडत नाही, कारण मुलांस आपलेसे करण्याची हातोटी शिक्षकास साधलेली नसते. हे वाक्य शिक्षकांनीच मान्य करून आपल्या ग्रंथात घातले आहे. शिक्षेच्या प्रकरणातही तीच वृत्ती दिसते. छडी त्या काळी सर्वत्र होती, या शाळांतूनही होती; ते लपविण्यात अर्थ नाही. तथापि, जेथे वारंवार मार द्यावा लागतो तेथेच अव्यवस्था असते, वर्गास वळण लागते ते शिक्षकाच्या मौनाने, संयमाने व सावध नजरेने, असा त्यांचा निष्कर्ष होता. मनात क्रोध उसळला असता शिक्षकाने शिक्षा करूच नये, हाही नियम त्यांनी केला. नवशिक्याच्या अंगातून कोणते दोष काढून टाकावेत, याच्या यादीत बोलण्याची खाज अग्रभागी आहे!

ज्यांनी असा ग्रंथ रचिला, त्यांचे आपल्या प्रमुखाशी नाते कसे होते? 1694 साली बारा बंधूंनी द ला साल यांच्यासह आजन्म व्रते घेतली. दुसऱ्या दिवशी मतदान होऊन सर्वांनी त्यांसच प्रमुख निवडले. शिक्षकांचा प्रमुख शिक्षकच असावा, धर्मगुरू नसावा, असे त्यांचे मत असल्याने त्यांनी पुन्हा मते घ्यावयास लाविली. निकाल तोच लागला. तेव्हा आपल्यामागे कोणीही धर्मगुरू या पदावर येऊ नये, असा लेख त्यांनी सर्वांकडून करून घेतला.

पुढे खटले, निंदा व गैरसमज यांनी त्रस्त होऊन ते फ्रान्सच्या दक्षिण भागात निघून गेले. आपल्यामुळेच मंडळाचे नुकसान होत आहे, असे त्यांच्या मनाने घेतले असावे. 1 एप्रिल 1714 रोजी पॅरिस व आसपासच्या प्रमुख बंधूंनी एकत्र जमून त्यांस पत्र लिहिले. ते विनंतीचे पत्र नव्हते. ज्या मंडळाच्या आज्ञेत राहण्याचे व्रत आपण घेतले आहे, त्या मंडळाच्या नावाने आम्ही आपणांस आज्ञा करितो की, आपण परत येऊन कारभार हाती घ्यावा, असा त्याचा भावार्थ होता. एके काळी चाकराहून खालचे वाटलेले मास्तर आता आज्ञा करीत होते! ऑगस्टमध्ये द ला साल पॅरिसला पोहोचले.

1717 साली बंधूंनी आपल्यांतीलच बंधू बार्थेलेमी यांस प्रमुख निवडले. द ला साल यांनी उरलेले दिवस रूआँ नगरीजवळील सँ-योन येथे, आपण घडविलेल्या शिष्याच्या आज्ञेत काढिले. 7 एप्रिल 1719 रोजी, उत्तम शुक्रवारी, त्यांनी देह ठेविला. 1900 साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांस संतपद दिले व 1950 साली पोप बारावे पायस यांनी सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. हस्तलिखितरूपाने शाळाशाळांतून फिरत असलेला तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या वर्षी, 1720 साली, आव्हिन्यों येथे प्रथम छापला गेला. तथापि बंधूंनी तो पूर्ण झाला असे कधी मानिले नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांनी त्याच्या आणखी सुधारलेल्या आवृत्त्या काढिल्या.